पिवळा, वर हिरवा पट्टा

कप बाकाच्या कडेला होता. म्हणजे व्हर्नानं तो तिथं ठेवल्याचा आवाज झाला होता – पत्र्याचा लाकडावर होतो तसा, बोथट – पण त्या आवाजाच्या जागी नजर नेली तर तिथं नुसता राखाडी डाग, ओल्या बोटानं पुसून काढल्यासारखा. आणि नजर जरा बाजूला, शिडाच्या दोरीवर नेली, तसा तो हळूच कडेतून आत आला… निळा, टवका उडालेला, वाफाळता. कानाला या वर्षी लाल लोकर गुंडाळली होती. चटका बसतो म्हणून, असं व्हर्ना म्हणाली होती. मेरिलनं दोरीकडे बघत बघत कप उचलला आणि सरळ तोंडाला लावला. सांडला नाही. एवढ्याशा गोष्टीनं त्याला शाळेतल्या पोराला व्हावा तसा आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली.

बघायचं ते बघायचं नाही, त्याच्या शेजारचं बघायचं. वसंतापासून ही युक्ती त्यानं स्वतःच्या स्वतः शिकून घेतली होती. मला दिसत नाही असं कोण म्हणतं? दिसतं. चांगलं दिसतं. फक्त जिथं बघतो तिथं दिसत नाही.

होडी पश्चिमेकडे चालली होती, घराच्या दिशेनं. लग्न झाल्यापासून दर ऑगस्टमध्ये ही दोघं या उघड्या होडीतून नदीच्या मुखाशी निघत, पूर्वेची बेटं धरून जात, कुठल्या तरी बेटावर तंबू ठोकत, डब्यातले बीन्स आणि काळा पाव खात, आणि आठवड्याभरानं नाकाची सालं निघालेली अशी परत येत. बाकीचं वर्ष मेरिल घरं गरम ठेवायच्या तेलाचा ट्रक चालवायचा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत गुडघाभर बर्फातून नळी ओढत नेऊन लोकांच्या तळघरातल्या टाक्या भरायचा, आणि टाकी रिकामी झाली की लोक त्याला सुट्टीच्या दिवशीही हाका मारायचे. या आठवड्यात मात्र त्याला कुणी हाक मारू शकत नसे. आता ट्रक सुटला, निवृत्ती आली, तरी ऑगस्ट उरला होता. किनाऱ्यावरची बाकीची माणसं स्वच्छ उन्हासाठी देवाला साकडं घालतात. हा एकटाच गडी यंदा निघाल्यापासून मनातल्या मनात धुकं मागत होता. धुक्यात सगळे सारखेच. धुक्यात कुणालाच काही दिसत नाही, आणि मग मेरिलचे कान, मानेवरचा वारा, तळाखालून जाणारं पाणी यांनाच भाव येतो… पण ऊन कसं लख्ख पडलं होतं, काही विचारू नका.

‘सीलं आलीत बघ खडकावर,’ व्हर्ना पुढच्या बाकावरून म्हणाली. ‘सगळी डावीकडच्या टोकावर गर्दी करून बसलीत. उजवीकडचं टोक अजून पाण्याखाली आहे वाटतं.’

‘हं,’ मेरिल म्हणाला, आणि सुकाणूचा दांडा जरासा आपल्याकडे ओढला.

ही व्हर्नाची बडबड यंदा नवीनच निघाली होती. होडीत बोलायचं नाही हा मेरिलच्या वडिलांचा नियम, तो त्यानं पुढे चालवला होता, आणि व्हर्नानं तो इतकी वर्षं पाळला होता. ती पुढच्या बाकावर विणत बसायची, शिडाची दोरी सोड म्हटलं की सोडायची, ओढ म्हटलं की ओढायची. यंदा विणकाम पिशवीतच राहिलं आणि तोंडाची टकळी सुरू झाली. तो पाण्यातल्या खुणेचा हिरवा डबा किती गंजलाय. ती पांढरी होडी सरळ आपल्याकडेच येतेय की काय, बाई. त्या टोकाशी पाणी कसं उकळल्यासारखं दिसतंय. ऐकून ऐकून कान किटले होते त्याचे. काल तर तो म्हणालाही होता, ‘अगं, जरा वारा तरी ऐकू दे.’

‘वाऱ्याशी जन्मभर बोललास,’ ती म्हणाली होती. ‘आता जरा माझ्याशी बोल.’

…सांगायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सांगायचं होतं, होडी पाण्यात ढकलताना सांगायचं होतं, पहिल्या बेटावर बीन्स गरम होत होते तेव्हा तर शब्द अगदी ओठांवर आले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो शेजाऱ्याच्या गाडीतून गेला होता, घरी गुडघ्याचं कारण सांगून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलल्या. मधला भाग जातो म्हणाल्या, कडा राहतात. डावा डोळा पुढे गेलाय, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. सरळ रेघांकडे बघत जा म्हणाल्या, दाराच्या चौकटीकडे, खांबाकडे. मध्येच वाकलेल्या दिसतील. गाडी बंद म्हणाल्या. होडीचं मेरिलनं विचारलंच नाही, त्यामुळे त्यांनी नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही.

डोलकाठी त्यानं स्वतः तासली होती. हात फिरवला की सरळ लागायची. आणि बघितलं की मध्यावर कंबर मोडल्यासारखी वाकलेली.

व्हर्नाला सांगितलं की होडी शेडमध्ये ताडपत्रीखाली जाणार, मग विकायची गोष्ट निघणार, आणि मग ऑगस्ट म्हणजे पोर्चवर बसून दुसऱ्यांची शिडं… शिडं तरी कुठली, कडेनं सरकणारं काहीतरी पांढरं. आणि नाही सांगितलं तर? तर उद्या सुईचं नेढं. परतीच्या वाटेवर सगळ्यात अरुंद जागा. दोन्हीकडे पाण्याखाली खडक, मध्ये होडीला जेमतेम वाट, उजव्या हाताला लाल खूण आणि डाव्या हाताला हिरवी. तिथं दोन हात इकडेतिकडे झालं की तळ फुटला म्हणून समजा. ओहोटीची ओढही असते. आणि पुढच्या बाकावर व्हर्ना बसलेली असते, पोहायला न येणारी… मग तो स्वतःला समजवायचा, की ती जागा मला तोंडपाठ आहे, झोपेत नेईन. आज संध्याकाळी सांगू. उद्या सकाळी सांगू, नेढ्याच्या आधी.

होडीच्या बाजूनं पाण्यावर लहानसं काहीतरी डुबकलं आणि मागे गेलं. मग दुसरं. पिंजऱ्यांचे बोये. या किनाऱ्यावर शेवंडं पकडणाऱ्या प्रत्येकाचे रंग ठरलेले. पिंजरा तळाशी, दोरीच्या वरच्या टोकाला बोया, आणि बोयावर आपापला रंग, दुसऱ्याचा उचलाल तर मारामारी. कुणी कुठं पिंजरे टाकायचे याच्याही हद्दी बापजाद्यांपासून चालत आलेल्या. मेरिलला त्या सगळ्या पाठ होत्या, ट्रकवाल्याला गल्ल्या पाठ असाव्यात तशा. ते बोये ओळखून नावं घ्यायची त्याची जुनी खोड होती, आणि यंदा तर तो मुद्दामच घ्यायचा. नाव घेतलं की दिसतंय असं वाटतं. ऐकणाऱ्याला, आणि खरं सांगायचं तर घेणाऱ्यालाही.

मोठ्या बेटाची दक्षिण बाजू. म्हणजे…

‘क्लेटनचे,’ तो म्हणाला. ‘पिवळा, वर हिरवा पट्टा.’

पुढच्या बाकावर थोडा वेळ काहीच आवाज झाला नाही. लाट तळाला लागून गेली.

‘हो,’ व्हर्ना म्हणाली. ‘क्लेटनचेच.’

मेरिलचा जीव भांड्यात पडला. मग तो वडिलांचा नियम विसरून सकाळभर क्लेटनविषयी बोलत राहिला – त्याच्या तळघरात कसा तो कुत्रा होता, टाकी भरून होईपर्यंत कसा बूट चावत बसायचा – आणि व्हर्ना हसत राहिली, जरा जास्तच हसली असं त्याला तेव्हा वाटलं नाही.

दुपार कलल्यावर ती दोघं मुक्कामाच्या खाडीत शिरत होती, तेव्हा मागून इंजिनाचा आवाज आला आणि शेजारी येऊन थांबला. डिझेलचा आणि शिळ्या आमिषाचा वास. वरून एक दणदणीत बाईचा आवाज आला, ‘काय तेलवाले! अजून बुडाला नाहीत?’

बॉबी. क्लेटनची मुलगी, चाळिशीची, बापासारखाच घसा. मेरिल तिच्या आवाजाच्या जरा डावीकडे बघून हसला, म्हणजे नारिंगी रबरी कपडे आणि एक हलता हात तेवढा कडेला आला.

‘बुडालो असतो तर तुझ्या बापानं आधी माझा नांगर पळवला असता,’ तो म्हणाला. ‘आहे कसा तो?’

‘घरी आहे. तुम्हाला कळलं नाही? दोन्ही खुबे बदलले. वसंतातच सोडलं त्यानं. आता खिडकीत दुर्बीण घेऊन बसतो आणि मी कुठं चुकते ते घरी आल्यावर सांगतो.’

‘अरे! मग त्याचे पिंजरे?’

‘मीच टाकते. रंग मात्र माझे. गुलाबी आणि काळा.’ ती खदखदून हसली. ‘म्हातारा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. गुलाबी! त्याच्या पाण्यात! पण मी त्याचा पिवळा एकसुद्धा टाकून दिला नाही, सगळे शेडच्या भिंतीवर टांगलेत. तुम्ही सकाळी त्यातूनच आला असणार की, बेटाच्या दक्षिणेला नुसते माझेच आहेत. सगळं गाव म्हणतं डोळ्यांत खुपतात. न दिसायला माणूस आंधळाच पाहिजे.’

लाट आली आणि दोन्ही होड्यांच्या मधलं पाणी चुबुक चुबुक वाजलं. व्हर्ना पटकन म्हणाली, ‘यंदा शेवंडं कशी आहेत, बॉबी?’ – फार पटकन – आणि बॉबी शेवंडांविषयी, डिझेलच्या भावाविषयी, बापाच्या चिडचिडीविषयी काहीबाही बोलत राहिली, आणि शेवटी ‘हे घ्या, नाहीतर बीन्स खाऊन खाऊन फुगाल,’ म्हणत तिनं दोन शेवंडं बादलीत टाकली. ती आपटल्याचा आवाज मेरिलला ऐकू आला. इंजिन लांब गेलं. एवढं सगळं झालं तरी तो एकाच जागी अडकून राहिला होता.

हो. क्लेटनचेच.

चुकली असेल. पण व्हर्ना चुकत नाही. व्हर्नाला अंधाऱ्या पोर्चवरून समोरच्यांच्या मांजरीच्या गळ्यातला पट्टा दिसतो. मग विसरली असेल. गुलाबी बघून पिवळा कोण विसरेल… तिनं पाहिलं होतं. चहूकडे गुलाबी आणि काळे बोये डुचमळताना तिनं पाहिले होते, आणि मागे वळून नवऱ्याचं तोंड पाहिलं असेल, कसा तो छाती काढून नसलेल्या रंगांची नावं घेतोय… आणि मग ती ‘हो’ म्हणाली होती. थोडा वेळ घेऊन.

म्हणजे तिला माहीत आहे.

पहिल्यांदा आला तो राग. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवंडं उकळत होती, ती दगडावर बसून लोणी कापत होती, आणि तो तंबूच्या खुंट्या नको इतक्या जोरात ठोकत होता. कधीपासून? एप्रिलमध्ये ती थट्टेनं म्हणाली होती, ‘मी बोलते तेव्हा तू माझ्या कानाकडे का बघतोस रे? कानातलं काही नवं नाहीये.’ तेव्हापासून? जूनमध्ये तिनं घराच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या, उरलेला रंग वाया कशाला घालवायचा म्हणून. आणि इतकी वर्षं कधी चटका बसला नव्हता त्या कपाच्या कानाला लाल लोकर… मेरिलनं खुंटी ठोकायची थांबवली. मग त्याला ती बडबड आठवली. एकेक वाक्य आठवलं. सीलं डावीकडच्या टोकावर, उजवं टोक पाण्याखाली – आणि आपण दांडा ओढला होता. हिरवा डबा किती गंजलाय – आणि आपण तो डाव्या हाताला ठेवला होता, स्वतःच्या स्मरणशक्तीवर खूष होत. पांढरी होडी सरळ आपल्याकडे. टोकाशी पाणी उकळतंय. यातलं एकही वाक्य उशिरा आलं नव्हतं. इतके दिवस आपल्याला वाटत होतं की होडी आपण चालवतोय, आणि बायको कान खातेय.

वारा तरी ऐकू दे, असं मी तिला म्हणालो.

लाज वाटली. मग भीतीही वाटली, ती मात्र वेगळीच. कारण तिला माहीत होतं, आणि तरीही ती आली होती. पोहता येत नसताना, नजर गेलेल्या माणसाच्या होडीत पुढच्या बाकावर येऊन बसली होती, विणकाम पिशवीत ठेवून, कारण विणताना समोर बघता येत नाही. दांडा माझ्याकडे दे, असं ती म्हणू शकली असती. तिला येतो चालवता, वाईट नाही चालवत. ती म्हणाली नव्हती. मेरिलला एकदम तिच्याजवळ जाऊन तिचे हात धरावेसे वाटले, आणि तो खुंट्यांपाशीच बसून राहिला, कारण हात धरले तर बोलावं लागलं असतं.

व्हर्नाच आली. मूठ त्याच्या तळहातात रिकामी केली. ब्लूबेऱ्या, उन्हानं कोमट झालेल्या, मागच्या झुडपांवरच्या.

‘पिकल्यात का बघ,’ ती म्हणाली.

‘पिकल्यात.’

‘न खाताच?’

त्यानं तोंडात टाकल्या. ती जरा वेळ शेजारी उभी राहिली. तिला काही विचारायचं होतं की सांगायचं होतं कोण जाणे; समुद्राकडे तोंड करून ती नुसती उभी होती, आणि मग शेवंडं जास्त शिजतील म्हणून गेली. जेवताना दोघांनी बॉबीचं नाव घेतलं नाही. शेवंडं गोड होती एवढंच काय ते बोलणं झालं.

सकाळी तंबू गुंडाळला, नांगर उचलला, शीड चढवलं. दक्षिणेचा वारा, अगदी हवा तसा. ऊन कालच्यासारखंच निर्लज्ज. बाक पुसून घेतला तेव्हा मेरिलनं सकाळीच ठरवलेलं वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं – गुडघा दुखतोय, आज तू घे दांडा – आणि ते इतकं खोटं लागलं की त्यानं ते समुद्रात टाकून दिलं.

होडी खाडीबाहेर पडली. पहिलं टोक गेलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की व्हर्ना बोलत नाहीये.

पुढच्या बाकावर ती होती. तिचं जाकीट कडेतून दिसत होतं, तपकिरी, न हलणारं. पण आवाज नव्हता. त्यानं वाट पाहिली. उजव्या बाजूला कुठंतरी पक्षी ओरडले, पाणी कशावर तरी फुटत होतं, ते खडकावर की लाटेवरच लाट… आतापर्यंत ती म्हणाली असती, पक्षी बघ कसे त्या खडकावर भांडतायत. म्हणाली नाही. रागावली? छे, रागावली की ती जास्त बोलते. मग? तिच्याही लक्षात आलं होतं, अर्थातच. बॉबी बोलत होती तेव्हा तिनं त्याचं तोंड पाहिलं असणार. तिला कळलंय की मला कळलंय. आणि आता तिला पुन्हा, अरे तो डबा किती गंजलाय, असं सहज म्हणता येत नव्हतं. सहजपणा बॉबीच्या होडीबरोबर निघून गेला होता. तिनं तो सांभाळला होता तोवर सांभाळला. आता पुढचं तिनं त्याच्यावर सोडलं होतं. तो गप्प राहिला असता तर तीही गप्प राहिली असती. आणि तरीही बाकावर बसून राहिली असती.

पाण्याचा आवाज बदलला. दोन्हीकडून परतून येऊ लागला. नेढं जवळ आलं होतं. ओहोटीनं होडीचा वेग आपोआप वाढला होता, दांडा हातात थरथरत होता. मेरिलनं डावीकडे बघितलं, उजवीकडे काय येतं ते बघायला. उन्हाची नुसती चकमक आली. उजवीकडे बघितलं. पुन्हा चकमक. आयुष्यभर जी जागा झोपेत नेईन म्हणत होता ती जागा, आणि त्याला ती आठवत होती, दगड न् दगड आठवत होता, फक्त होडी त्यातल्या कुठल्या दगडापाशी आहे ते माहीत नव्हतं.

होडीत बोलायचं नाही. वडील इथंच बसायचे, याच दांड्याला धरून.

‘व्हर्ना,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘बोल ना काहीतरी.’

बाक कुरकुरला. ती मागे वळली असणार. ‘काय बोलू?’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

‘जे दिसतंय ते.’

तो तिच्याकडे बघत होता. कानाकडे नाही, शिडाच्या दोरीकडे नाही; सरळ, चेहऱ्याकडे, माणसानं माणसाकडे बघावं तसं, आणि तिथं तो राखाडी डाग होता आणि डागाच्या भोवती उडणारे तिचे केस होते.

‘माझ्याकडे काय बघतोस?’ ती म्हणाली. ‘समोर बघ.’

‘समोर बघून काय करू?’ मेरिल म्हणाला.

तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू होतं की रडू ते त्याला कळलं नाही, बहुतेक तिलाही नसावं. मग बाक पुन्हा कुरकुरला आणि ती पुढे वळली. आता तिच्या आवाजात गप्पा नव्हत्या, कौतुक नव्हतं, गंजलेला डबा नव्हता. किराणा आणायचा सांगावा तसा साधा, घरचा आवाज.

‘लाल दिसतोय. लांब आहे अजून. थोडं डावीकडे घे… अजून थोडं.’

त्यानं घेतलं.

‘हां. आता असाच ठेव,’ ती म्हणाली. ‘मी सांगते.’

दांडा थरथरत होता. वारा मानेवर होता तसाच होता, पण मेरिल तो ऐकत नव्हता. तो तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होता, आणि त्याला वाटलं, हे पाणी निदान आणखी थोडा वेळ संपू नये.